टोला कोणाचा?

बेंगळुरूच्या एखाद्या मुलीला अमेरिकेतल्या विद्यापीठाची गोल्फ शिष्यवृत्ती मिळाली, की घरात, शाळेत, सोसायटीत एकच वाक्य ऐकू येतं : ‘पोरीने स्वतःच्या हिमतीवर कमावली.’ वाक्य कौतुकाचं आहे आणि खोटंही नाही. पहाटे उठून चेंडू तिनेच मारलेले असतात, आणि शेवटच्या ग्रीनवर तीन फुटांचा पट बाकी असताना थरथरणारे हातही तिचेच असतात. प्रश्न आहे तो ‘कमावणं’ या क्रियापदाचा. मराठीत माणूस पैसा कमावतो, नाव कमावतो. पैलवान अंग कमावतो आणि चांभार कातडं कमावतो. यातला शेवटचा प्रयोग मला सगळ्यांत प्रामाणिक वाटतो. कमावणाऱ्याच्या मेहनतीवाचून कातड्याचा जोडा होत नाही, पण कातडं त्याने निर्माण केलेलं नसतं. ते जनावराचं असतं, आणि ते कमावायला लागणारी साल कुणीतरी झाडाची काढून आणलेली असते. शिष्यवृत्ती कमावली जाते ती याच अर्थाने. आपण मात्र ती पैशासारखी कमावल्याचं बोलतो, म्हणजे अख्खी आपली, कुणाचं काही देणं नाही.

यशाचा हिशेब आजकाल दोन खात्यांत मांडण्याची रीत आहे : मेहनत आणि नशीब. जॉन रॉल्स या अमेरिकी तत्त्वज्ञाने १९७१मध्ये असं मांडलं की, जन्मजात गुण कुणी लायकीने मिळवलेले नसतात, आणि मेहनत करण्याची वृत्तीसुद्धा बऱ्याच अंशी घर आणि परिस्थिती घडवते. तेव्हापासून वाद चालू आहे तो एवढाच, की मेहनतीच्या खात्यात किती टाकायचं आणि नशिबाच्या किती. गीतेच्या अठराव्या अध्यायातली मांडणी मला याहून बारकाईची वाटते. तिथे कोणत्याही कर्माच्या सिद्धीला पाच कारणं सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, करण म्हणजे साधनं, नाना प्रकारच्या चेष्टा म्हणजे हालचाली, आणि पाचवं दैव. लगेच पुढे बजावलंय की, असं असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याला नीट दिसतच नाही. भाष्यकार अधिष्ठानाचा अर्थ शरीर असा करतात. मी तो शब्द थोडा ताणून पायाखालच्या जमिनीपर्यंत नेणार आहे, कारण गोल्फमध्ये जमिनीवाचून शरीराला करण्यासारखं काही उरत नाही. या पाचांतला कर्ता आणि चेष्टा आपल्या ओळखीच्या आहेत. त्यांनाच आपण मेहनत म्हणतो. दैव पाचवं, शेवटचं. अधिष्ठान आणि करण ही दोन कारणं मात्र मेहनतीतही बसत नाहीत आणि नशिबातही. ती दुसऱ्या माणसांनी केलेली, दिलेली, कधी घेतलेली असतात. माझं म्हणणं एवढंच, की शिष्यवृत्तीच्या कौतुकात हीच दोन गळतात, आणि उरलंच काही तर ‘नशीब’ या सभ्य शब्दाखाली झाकली जातात.

बेंगळुरूत हे अगदी हाताने चाचपून पाहता येतं. या शहरात गोल्फ जुना. बेंगळुरू गोल्फ क्लब १८७६चा. पण आजच्या खेळाडूंच्या चरित्रांत जास्त भेटतं ते दोम्मलूरजवळचं कर्नाटक गोल्फ असोसिएशनचं मैदान. अदिती अशोकची गोष्ट तिथेच सुरू होते. मैदानासमोरच्या रेस्टॉरंटमध्ये न्याहारीला जाणाऱ्या कुटुंबातल्या पाच वर्षांच्या मुलीला कुतूहल वाटलं, आईवडील तिला आत घेऊन गेले, आणि हातात पटर आला. पुढे २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ती अठराव्या वर्षी खेळली. टोकियोत आई कॅडी म्हणून बॅग उचलत होती आणि अदिती चौथी आली, कांस्यपदकापासून एका फटक्यावर. (ती अमेरिकेतल्या कॉलेजच्या वाटेने गेली नाही, शाळा संपता संपताच व्यावसायिक झाली. पण पाया तोच.) आता त्या पायाकडे पाहू. बेंगळुरूच्या बुजलेल्या तळ्यांची यादी कुणीही केली तरी तीत संपंगी येतं, जिथे आज कंठीरवा स्टेडियम आहे. धर्मांबुधी येतं, जिथे आज बसस्थानक आहे. आणि चल्लघट्टाही येतं, जिथे आज हे गोल्फचं मैदान आहे. ज्या हिरवळीवर पहिला पट लोटला गेला तिच्याखाली एक तळं आहे. हे नशीब नव्हे. तळ्याचं मैदान करायचं, हा कुणीतरी घेतलेला निर्णय होता, आणि पाण्याला जायला जागा उरली नाही तेव्हा त्याची किंमत मैदानात कधी पाऊल न टाकलेल्यांनीही मोजली. मार्च २०२४मध्ये याच शहरात पिण्याचं पाणी बागेला घातलं तर पाच हजार रुपये दंडाची पाळी आली होती. तेव्हा हिरवळ ही किती महाग वस्तू आहे ते वेगळं सांगावं लागलं नाही.

समुद्रापलीकडचं अधिष्ठान आणखी गमतीचं आहे. अमेरिकेतल्या कॉलेजांच्या खेळांचा कारभार पाहणाऱ्या एनसीएएच्या पहिल्या श्रेणीत, परवापरवापर्यंत, मुलांच्या गोल्फ संघाला साडेचार पूर्ण शिष्यवृत्त्या वाटता येत आणि मुलींच्या संघाला सहा. मुलींना जास्त का? कारण वरच्या श्रेणीतल्या अमेरिकन फुटबॉलच्या एकेका संघाला ८५ शिष्यवृत्त्या होत्या, त्या सगळ्या मुलांच्या. आणि शिक्षणात लिंगभेद करायला मनाई करणारा १९७२चा ‘टायटल नाइन’ कायदा सांगत होता की मुलींच्या बाजूचं पारडंही भरा. २०२५पासून नवी व्यवस्था स्वीकारलेल्या विद्यापीठांत हे आकडे जाऊन संघात नऊ खेळाडू अशी मर्यादा आली, ते असो. मुद्दा असा, की बेंगळुरूच्या इंदिरानगरातल्या मुलीची संधी तिच्या भावापेक्षा मोठी होती ती तिचा स्विंग सुरेख म्हणून नव्हे. तिच्या जन्माच्या कितीतरी आधी, कधी न पाहिलेल्या देशात, तिने नावही न ऐकलेल्या बायका भांडल्या होत्या म्हणून.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे आणि वजनदारही : त्याच मैदानावर, त्याच कोचकडे, तसलेच क्लब घेऊन वीस मुलं शिकली, शिष्यवृत्ती एकीलाच मिळाली. मग फरक तिचाच ना? फरक तिचाच, हे मान्य. अधिष्ठान आणि करण समान असतील तेव्हा निकाल कर्ता आणि चेष्टाच लावतात, आणि गोल्फ तर या बाबतीत निर्दय खेळ आहे. ओळखीने एकही फटका कमी होत नाही. पण हा हिशेब त्या वीस जणांपुरता आहे. मैदानाच्या कुंपणाबाहेर किती जणांना ते मनगट होतं, हे स्कोअरकार्ड सांगू शकत नाही. क्वचित कुंपणाला फट पडते तेव्हा कळतं. बिडदीजवळच्या ईगलटन रिसॉर्टवर खेळाडूंच्या बॅगा उचलण्यापासून सुरुवात केलेला चिक्करंगप्पा पुढे व्यावसायिक स्पर्धा जिंकू लागला. त्याच्याकडे बोट दाखवून ‘बघा, जिद्द असली की होतं’ असं म्हटलं जातं. खरं तर तो पुरावा उलट बाजूचा आहे : जिद्द आधीपासून होती, बॅगेऐवजी क्लब हातात येण्याचीच काय ती वाट होती.

दुसरा आक्षेप आपल्या घरचा. मैदानाजवळ जन्म, ऐपतीचे आईबाप, हीसुद्धा पूर्वकर्माचीच कमाई, असं म्हणणारे भेटतात. हा युक्तिवाद सोयीचा आहे एवढंच नाही, तर तो मूळ मांडणीतही बसत नाही. त्या पाच कारणांतलं ‘दैव’ शंकराचार्यांनी इंद्रियांवर अनुग्रह करणाऱ्या सूर्यादी देवता असं लावलं, रामानुजांनी अंतर्यामी परमात्मा असं. दोघांपैकी कुणीही तिथे गेल्या जन्माची शिल्लक वाचली नाही. आणि वाचायचीच म्हटली, तर कॅडीच्या खांद्यावरची बॅगही त्याने कमावलेलीच ठरते, मग बोलणंच खुंटतं. पूर्वकर्माचा हा हिशेब किती पोकळ आहे, ते महाराष्ट्राने एकदा फार जवळून पाहिलंय. १९१३मध्ये बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, तीन वर्षांसाठी, आणि बदल्यात दहा वर्षं संस्थानची नोकरी करण्याचा करार घेतला. कर्ता अव्वल होता, साधनं मिळाली, कष्टांना तर सीमा नव्हती. १९१७मध्ये करार पाळायला ते बडोद्याला परतले आणि त्या शहरात त्यांना राहायला खोली मिळेना. तीन कारणं जुळली होती. पाय टेकायला जागा तेवढी माणसांनी नाकारली. त्याला दैव म्हणणं म्हणजे बडोद्याच्या घरमालकांना देवता म्हणणं होय.

तिसरा आक्षेप व्यवहारी : विद्यापीठ आपल्या पैशाने आपल्या संघासाठी खेळाडू घेतं, हा करार आहे, त्यात न्याय आणि श्रेय कशाला काढता? हेही खरं, पण मग शब्द बदला. ‘कमावली’ म्हणू नका, ‘सौदा जमला’ म्हणा. ते म्हणायला विद्यापीठंच तयार नसतात. ‘स्टुडंट-अॅथलीट’ हा जोडशब्द १९५०च्या दशकात एनसीएएने रुजवला तोच मुळी खेळाडू हा नोकर ठरू नये, मैदानावर जायबंदी झाला तर भरपाई मागू नये म्हणून. ही हकिगत एनसीएएचे तेव्हाचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनीच नंतर आपल्या पुस्तकात लिहून ठेवली. म्हणजे खर्चाची वेळ आली की ती विद्यार्थिनी आणि कौतुकाची आली की कर्तबगार. दोन्हीकडून बाकीच्यांचं खातं कोरं.

यातून शिष्यवृत्ती परत करावी, असं निघत नाही. ज्याला आपण ‘पात्र’ म्हणतो तो शब्द भांड्याचा आहे. भांडं गळकं नाही, नीट घडवलंय, म्हणून पाणी त्यात ओतलं तर त्यात अन्याय कसला? तिचा हक्क पक्का आहे. भांड्याने पाणीही आपलंच म्हटलं, तेवढंच खटकतं.

अमेरिकेतला कोच मुलीला भेटण्याआधी तिचे स्पर्धांतले स्कोअर मागवतो. स्पर्धेतल्या प्रत्येक फेरीअखेर कार्डावर दोन सह्या लागतात : एक खेळाडूची, दुसरी तिचे फटके मोजणाऱ्या मार्करची. एक जरी राहिली तरी खेळाडू बाद होते. अठरा होल बॅग वाहून, ग्रीनचा उतार डोळ्यांनी वाचून ‘दोन बोटं डावीकडे’ असं सांगणाऱ्या कॅडीसाठी त्या कार्डावर रकानाच नसतो.