अंश आहे, छेद कुठे?

2020च्या जानेवारीत मुंबईतल्या मॉल आणि गिरण्यांच्या आवारांतली दुकाने, उपाहारगृहे रात्रभर उघडी ठेवायला मुभा मिळाली, तेव्हा वाद रंगला तो पबचा आणि पोलिसांवरच्या ताणाचा. मद्यविक्रीची वेळ त्या निर्णयाने वाढली नव्हती, पण ते कोण ऐकतो! रात्री जागणारे शहर म्हणजे रात्री पैसे उडवणारे शहर, हे दोन्ही बाजूंनी धरूनच चालले होते. ससून डॉकला पहाटेच्या लिलावासाठी पोहोचलेली कोळीण, वाशीच्या बाजारात भाजीचा ट्रक रिकामा करणारा माथाडी, वॉर्डातली नर्स हे सगळे आधीपासून जागेच होते. लंडनने 2018मध्ये हा हिशेब मांडला. संध्याकाळी सहा ते सकाळी सहा या वेळात तिथे तेव्हा सुमारे 16 लाख लोक काम करत होते, म्हणजे एकूण कामकऱ्यांपैकी जवळजवळ एक तृतीयांश.

आपल्याकडे आकडे नाहीत असे नाही. पण रात्रीचे बहुतेक आकडे दुसऱ्याच कुठल्या तरी कामासाठी गोळा झालेले असतात. उपग्रहाचेच घ्या. रात्रीच्या उजेडावरून शहराची भरभराट मोजणारे अभ्यासक ज्या व्हीअर्स संवेदकावर विसंबतात, तो आपल्या डोक्यावरून जातो रात्री दीडच्या आसपास. संध्याकाळची सगळी गजबज त्याच्या हातून निसटलेली असते. शिवाय निळसर प्रकाश त्याला जवळपास दिसतच नाही. पिवळे सोडियम दिवे काढून पांढरे एलईडी लावले, की रस्ता आपल्याला उजळ वाटतो आणि उपग्रहाच्या लेखी तो मंदावू शकतो.

अपघातांच्या आकड्यांत याहून मोठी मेख आहे. केंद्रीय वाहतूक मंत्रालयाच्या वार्षिक अहवालांत सर्वाधिक अपघात संध्याकाळी सहा ते नऊमध्ये दिसतात, मध्यरात्रीनंतर कमी. म्हणून मध्यरात्रीचा रस्ता सुरक्षित म्हणायचा? त्या वेळी रस्त्यावर वाहने किती होती हा छेद हाती नसेल, तर वरच्या अंशावरून काहीच ठरत नाही. बायकांच्या सुरक्षिततेचीही हीच गत. रात्री अकरानंतर एखाद्या गल्लीतून एकही तक्रार आली नाही, तर ती गल्ली निर्धोक असेल, किंवा तिथे कुणी बाई फिरकतच नसेल. पोलिसांच्या नोंदवहीत दोन्ही गल्ल्या सारख्याच. सेफ्टीपिन या उपक्रमाची पद्धत मला म्हणूनच शहाणपणाची वाटते. दिवे, पदपथ यांच्याबरोबर त्या जागी बायका किती दिसतात, याचीही ती नोंद घेते.

सरकारपाशी एक चांगले साधन आहे, त्याची चर्चा फारशी होत नाही. 2019 आणि 2024च्या वेळ-वापर पाहणीत माणसाचा अख्खा दिवस पहाटे चार ते दुसऱ्या पहाटे चार असा, अर्ध्या अर्ध्या तासाने लिहून घेतला. रात्री दोन वाजता कोण जागे होते आणि कशापायी, हे त्यातून काढता येईल. अहवालांत मात्र ठळकपणे येतात ती सरासरीची मिनिटे: झोप इतकी, घरकाम इतके. आणि पाहणी घरोघरची. दुकानाचे शटर पडल्यावर त्याच पायरीवर पथारी टाकणारा माणूस तीत यायचा कसा? बेघरांची मोजणी 2011च्या जनगणनेत झाली, ती 28 फेब्रुवारीच्या एका रात्रीत.

मुंबईच्या रात्रीची खडान्‌खडा माहिती असलेला माणूस सायकलवर फिरतो. मागे चहाची टाकी, हँडलला कागदी कपांची चळत अडकवलेली. सीएनजीच्या रांगेत टॅक्सीवाले कधी ताटकळतात, शेवटची लोकल गेल्यावर स्टेशनबाहेर कोण अडकून पडते, कुठल्या एटीएमचा रखवालदार सलग दुसरी पाळी करतो आहे, हे त्याला पाठ असते. पण त्याची नोंद झाली तर? गाडी येऊन सायकल उचलून नेईल, ही त्याची भीती खोटी नाही. म्हणून माणसांचा माग काढणारी, मोबाइलवरून त्यांच्या हालचाली टिपणारी मोजणी मला नको आहे. नावगाव न विचारता, ठरावीक नाक्यांवर उभे राहून केलेली डोकेमोजणी पुरे.

तीही सोयींपासून सुरू करावी. लोकल साधारण एक ते चार बंद असतात. त्या वेळात स्टेशनांबाहेर किती माणसे बसकडे डोळे लावून असतात, हे मोजले तर रात्रीच्या बसफेऱ्या कुठे हव्यात ते कळेल. सार्वजनिक शौचालयांची यादी करताना संख्येशेजारी आणखी एक रकाना घालावा: कुलूप किती वाजता लागते, आणि बायकांच्या बाजूला आधी लागते का.