शेवटचा बाक



उसाला तोड आली की आपल्या वस्त्यांवर एकच विषय असतो, बिबट्या. परवा मिस्सानंतर आवारात अशीच चर्चा रंगली होती. एक जण म्हणाले, "रोज गोठ्यापाशी येतो, डाव धरून आहे." दुसरे म्हणाले, "डाव कसला? कुत्र्यासाठी येतो." दोघांनी पाहिले होते ते एकच, ओल्या मातीतले ठसे. एकाला त्यात सूड दिसला, दुसऱ्याला भूक. आम्हाला सेमिनरीतला तत्त्वज्ञानाचा तास आठवला. मन कोणाचेच दिसत नाही, दिसते ते वागणे. मग वागण्यावरून मन ओळखायचे कसे?

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात कोकराचे उदाहरण दिले. लांडगा पाहून कोकरू पळते ते त्याचा रंग आवडत नाही म्हणून नव्हे, तर हा आपला वैरी आहे हे त्याला उमगते म्हणून. पुढे देकार्त या तत्त्वज्ञाने प्राण्यांना यंत्रासारखे मानले. ज्याने बैल पाळला आहे त्याला हे पटायचे नाही! पण आपलेही चुकते. जर्मनीत हान्स नावाचा घोडा खूर आपटून गणिते सोडवी. 1907 साली नीट तपासले तेव्हा कळले की उत्तर जवळ आले की विचारणाऱ्याचे डोके नकळत किंचित हले, आणि घोडा तेवढे पाहून थांबे. त्याला गणित येत नव्हते, पण माणूस वाचता येत होता.

आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट घ्या. 2009 साली टाकळी ढोकेश्वरजवळ एक बिबट्या विहिरीत पडला. त्याला बाहेर काढल्यावर संशोधक विद्या अत्रेय यांच्या गटाने त्याच्या गळ्यात रेडिओ पट्टा बांधला आणि त्याला माळशेज घाटात सोडले. तो इतका शांत होता की त्याचे नाव पडले 'आजोबा'. ती शांती होती, थकवा होता की भीती, कोणी सांगावे? पण त्या मंडळींनी नुसता तर्क केला नाही, त्याचा माग काढला. सुमारे महिनाभरात आजोबा शंभराहून अधिक किलोमीटर चालून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला. महामार्ग, रेल्वेचे रूळ, वस्त्या, सगळे ओलांडून. तो आपल्या घरी चालला होता का? वाटते तसे, पण पट्टा फक्त जागा सांगतो. 2011 साली तो रस्त्यावर वाहनाखाली मेला. 2014 साली त्याच्यावर मराठी चित्रपटही निघाला.

ज्यांच्या घरचे लेकरू बिबट्याने नेले, त्यांच्यापुढे हे बोलायची आमची छाती नाही. त्यांची भीती खरी आहे. आमचे म्हणणे एवढेच की बिबट्याला काही विचारता येत नाही, म्हणून त्याचा माग काढावा लागतो. माणसाला विचारता येते, आणि तिथेच आपण विचारत नाही.

शमुवेलच्या पहिल्या पुस्तकात हन्ना मंदिरात प्रार्थना करते. ओठ हलतात, आवाज फुटत नाही. एली याजक तिला दारू प्यायलेली समजतो. तो याजक होता, आयुष्य मंदिरात गेलेले, तरी फसला. ती बोलली तेव्हा मात्र त्याने आपला शब्द तिथल्या तिथे फिरवला.

आम्हाला तेवढे लवकर जमले नाही. गेल्या हंगामात शेवटच्या बाकावरचे एक गृहस्थ प्रवचनात डुलक्या घेत. एका रविवारी आम्ही वेदीवरून टोमणा मारला, लोक हसले. पुढच्या रविवारपासून ते दाराशी उभे राहू लागले. आम्ही मनात म्हटले, रुसले वाटते, अहंकार आहे. तीन रविवार आम्ही त्यांच्याकडे पाहायचे टाळले. चौथ्या रविवारी त्यांच्या पत्नीकडून सहज कळले की साखर कारखान्यात त्यांची रातपाळी असते, आणि ते घरी न जाता थेट मिस्साला येतात. आम्ही त्यांना गाठून विचारले, मग दाराशी का उभे राहता? ते म्हणाले, "फादर, उभं राहिलं म्हणजे डोळा लागत नाही."

आम्ही त्यांची माफी मागितली. ते ओशाळून म्हणाले, "त्यात काय फादर." आता ते पुन्हा शेवटच्या बाकावर बसतात. अधूनमधून डोळा लागतो, तेव्हा शेजारचे त्यांना उठवत नाहीत.