हुकमाने मिळालेली जमीन

मुंबई-गोवा महामार्गाच्या रखडलेल्या कामाने आमच्या कासूचे नाव वर्तमानपत्रांत पोहोचवले. पळस्पे ते कासू, कासू ते इंदापूर असे टप्पे पडले आणि मोजणी, मोबदला, सातबारा हे शब्द घराघरांत शिरले. उर्दू शाळेत शिकवणाऱ्या आमच्यासारख्या मास्तरालाही तेव्हा कळून चुकले, की जमीन हा केवळ शेतकऱ्याचा विषय नाही. तो इबादतीचाही विषय आहे. नमाज स्वच्छ जागी कुठेही पढता येते. मय्यत मात्र कुठेही दफन करता येत नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका गावात कब्रस्तानाला भिंत घालायचे ठरले. निवडणूक तोंडावर होती. एक पुढारी जमातीच्या बैठकीला आले आणि म्हणाले, "भिंत जरा पुढे सरकवा. पलीकडचा तुकडा आत घ्या. कागदाचं मी बघतो." तो तुकडा सरकारी होता, पण कातकरी वाडीची माणसे आपली मयते पिढ्यान्‌पिढ्या तिथे पुरत आली होती. सातबाऱ्यावर त्यांचे नाव नव्हते. बैठकीला आम्ही हजर होतो. बी.एड. झालेले, चार पुस्तके वाचलेले आम्ही गप्प बसलो. जागा हवी होती, आणि आजवर अर्ज करून न मिळालेले कोणी आपण होऊन देत होते. एका म्हाताऱ्या चाचांनी तेवढे विचारले, "आज तुमच्या शब्दानं ही जागा आमची झाली, तर उद्या कोणाच्या शब्दानं जाईल?" बैठक तहकूब झाली.

चाचांच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला गोव्याच्या इतिहासात सापडले.

१५१० मध्ये पोर्तुगीजांनी आदिलशहाकडून गोवा घेतला. १५४० मध्ये तिसवाडीतली देवळे पाडली गेली आणि पुढच्याच वर्षी त्या देवळांच्या जमिनींचे उत्पन्न ख्रिस्ती धर्मकार्याकडे वळवण्यात आले. पुढे साष्टी-बारदेशातही तेच घडले. १५६० मध्ये इन्क्विझिशन आले. मधली थोडी वर्षे वगळता ते १८१२ पर्यंत चालले. लोकांनी आपले देव उचलले. कुशस्थळीचा मंगेश जुवारी ओलांडून प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. तो अंत्रूज महाल तेव्हा विजापूरच्या आदिलशहाच्या मुलखात होता. फोंड्याची साफा मशीदही त्याच काळातली. हे वाचताना आमची छाती अंमळ फुगली, हे कबूल करतो. पण सुलतानांनी देवळे पाडल्याचाही इतिहास आहे. तेव्हा छाती फुगवण्यापेक्षा एवढेच ध्यानात घ्यावे, की जिथे एका राजाचा हुकूम संपला तिथे देवाला ओसरी मिळाली.

गोष्ट इथेच संपली असती तर ती एका धर्माने दुसऱ्यावर केलेल्या जुलमाची ठरली असती. पण पुढे काय झाले? १७५९ मध्ये पोर्तुगालच्या राजाने जेझुइटांना आपल्या मुलखांतून घालवले आणि त्यांची मालमत्ता जप्त केली. १८३५ मध्ये गोव्यातले सगळेच धर्मसंघ बरखास्त झाले, त्यांचे मठ आणि जमिनी सरकारजमा झाल्या. जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टीनचा जांभ्या दगडाचा उंच मनोरा अर्धामुर्धा उभा आहे. मठ ओस पडला आणि १८४२ मध्ये चर्चचे छत कोसळले. त्याची घंटा आज पणजीच्या चर्चवर आहे. देवळाची जमीन ज्या हाताने चर्चला दिली, त्याच हाताने चर्चची जमीन काढून घेतली. हात धर्माचा नव्हताच; तो सत्तेचा होता.

आजही तो हात तसाच आहे. व्हिएतनाममध्ये हनोई शहरात पोपच्या प्रतिनिधीचे जुने निवासस्थान सरकारच्या ताब्यात होते. २००७ च्या अखेरीस कॅथलिक लोक मेणबत्त्या घेऊन तिथे प्रार्थनेला जमू लागले, जागा परत मागू लागले. सप्टेंबर २००८ मध्ये सरकारने बुलडोझर आणून तिथे बाग केली. देशात प्रार्थनेला बंदी नाही असे सरकार म्हणत असे. मग पायाखालची जमीनच काढून घेतली तर प्रार्थनेची मुभा किती दिवस टिकणार?

इथे वाचकबंधू आम्हांला विचारतील, की तुमच्या घरचे काय? रास्त प्रश्न आहे. इस्तंबूलचे आयासोफिया हे मूळ चर्च. १४५३ मध्ये मशीद झाले, १९३४ च्या निर्णयाने संग्रहालय झाले आणि २०२० मध्ये पुन्हा मशीद. आमच्यातल्या अनेकांनी तेव्हा मिठाई वाटल्यासारखे संदेश पाठवले. त्याच लोकांच्या डोळ्यांत बाबरीच्या आठवणीने पाणी येते. आम्ही त्यांना वेगळे मानत नाही, तेही आम्हीच. मात्र आमच्याच परंपरेत हेही सांगितले जाते, की जेरुसलेम हाती आल्यावर हजरत उमर यांनी तिथल्या मोठ्या चर्चमध्ये नमाज पढायचे नाकारले. कारण पुढे कोणी म्हणेल, खलिफा इथे पढले, ही जागा आमची. ताकद असताना हात मागे घेणे, हा आम्हांला त्या कथेचा अर्थ वाटतो.

मग जुन्या अन्यायाचे काय करायचे? गोवा सरकारने २०२२ च्या अर्थसंकल्पात पोर्तुगीजांनी पाडलेल्या देवळांसाठी २० कोटी रुपये ठेवले. सांकवाळला जळालेल्या चर्चची एक दर्शनी भिंत उरली आहे. तेच विजयादुर्गेचे मूळ स्थान, असे देवीचे भाविक म्हणतात. देवी शतकांपासून केरीला नांदते आहे. १९९१ चा उपासनास्थळांचा कायदा १५ ऑगस्ट १९४७ ही रेघ मारतो. त्या दिवशी गोवा भारतात नव्हताच. म्हणजे कायद्याची रेघ माणसांनी ठरवलेली असते. ती तरीही हवी. आम्हांला वाटते, आठवणीला मुदत नसावी. देऊळ पडले ते पडले, हे शाळेत खरे शिकवावे. पण ताब्याला मुदत असावी. ज्याने घेतले तो नाही, ज्याचे घेतले तो नाही, आणि मधल्या साऱ्या पिढ्यांची प्रार्थना त्या मातीत आहे. ती उखडली तर जुना अन्याय मिटत नाही, नवा सुरू होतो. जो आज जिवंत माणसाच्या डोळ्यांदेखत होतो आहे, तो मात्र आजच थांबवावा.

हे लिहिताना आमच्या मनात सांकवाळ कमी आणि कातकरी वाडी जास्त होती. पुढच्या बैठकीआधी आम्ही चाचांबरोबर वाडीवर गेलो. एका म्हातारीने बोट दाखवून सांगितले, "तिथं माझा पोर हाय." दगड नव्हता, नाव नव्हते, कुड्याचे एक झुडूप होते.

बैठकीत आम्ही या वेळी बोललो. काही जण नाराज झाले, अजून आहेत. आमची जागा अपुरी आहे आणि अर्ज पुन्हा पडून आहे. भिंत मात्र जुन्या खुणेवरच उभी राहिली. तिच्या पलीकडे ते झुडूप आहे.