पाणी ओसरल्यावरची एकी

गेल्या नाताळाच्या आधी हैदराबादेतल्या निरनिराळ्या मंडळ्यांची एकत्र उपासना झाली. मुख्य वक्ते आमच्यातले जुने, अभ्यासू गृहस्थ. त्यांनी अफझलगंजच्या चिंचेचा दृष्टान्त घेतला. 28 सप्टेंबर 1908 ला मुसीला महापूर आला, हजारो माणसं वाहून गेली. आज जिथं उस्मानिया रुग्णालयाचं आवार आहे, तिथल्या एका चिंचेवर चढलेली सुमारे 150 माणसं वाचली. "फांद्या वेगळ्या, झाड एक," वक्ते म्हणाले. "कॅथलिक, मेथडिस्ट, बाप्टिस्ट, सगळे आपापल्या फांदीवर सुखात आहेत. एक घटना, एक बिशप हा अट्टहास कशाला? मनं जुळली की पुरे."

टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. पण घरी येईपर्यंत माझं मन त्या दृष्टान्ताशी भांडू लागलं होतं. पाणी ओसरलं तेव्हा ती माणसं खाली उतरली आणि आपापल्या वस्तीत गेली. फांदीवरच्या शेजाऱ्याचं पुढं काय झालं, हे विचारायला कोणी कोणाला बांधील नव्हतं.

ही बांधिलकी म्हणजे काय, ते मला माझ्या आत्याच्या मृत्यूनं शिकवलं. आत्या जालन्याची. जालना तेव्हा निजामाच्याच राज्यात होतं. तिथं पाळक नारायण शेषाद्रींनी बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं, तेव्हापासूनची स्कॉटिश मिशनची परंपरा आमच्या घरात आहे. लग्न होऊन आत्या हैदराबादेत आली आणि जिथं मराठीत प्रार्थना होई तिथं जात राहिली. तिचं नाव मात्र जालन्याच्याच वहीत राहिलं. ती गेली तेव्हा मी एका दफनभूमीच्या कचेरीत उभा होतो. "कोणत्या मंडळीच्या? दाखला आणा," एवढंच उत्तर मिळालं. जालन्याच्या पाळकांना फोन केला, त्यांनी जुनी वही शोधली, संध्याकाळी कागद आला. तोवर खड्डा खणणारा माणूस कुदळ टेकून बसून होता. आत्याच्या पिशवीत तिचं 'उपासना संगीत' होतं, पाठीला निळं कापड शिवलेलं. त्यातली गाणी त्या कचेरीतल्या माणसालाही पाठ असणार. मनं जुळलेलीच होती. अडलं होतं ते वहीपाशी.

अशा वेगळ्या वह्या एक करण्याचे प्रयत्न जुने आहेत. ज्या 1908 साली मुसीला पूर आला, त्याच साली दक्षिणेतल्या प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या एक झाल्या. 1919 मध्ये तरंगंबाडीला अँग्लिकन बिशप अझराया आणि या एक झालेल्या मंडळीचे सांतियागो या दोघांच्या पुढाकारानं पाळक जमले आणि अँग्लिकनांशी ऐक्याची बोलणी सुरू झाली. ती 28 वर्षं चालली. 27 सप्टेंबर 1947 ला मद्रासच्या सेंट जॉर्ज कॅथेड्रलमध्ये चर्च ऑफ साउथ इंडिया जन्माला आलं. बिशपची परंपरा मानणारे आणि न मानणारे एका छताखाली येण्याची ही जगातली पहिली मोठी घटना.

ऐक्याच्या या योजनेवर सर्वांत कडक हल्ला एका कवीनं केला. टी. एस. एलियटनं 1943 मध्ये तिच्याविरुद्ध पुस्तिका लिहिली, तिच्या नावातच 'विनाश' हा शब्द होता. त्याचा आक्षेप मोलाचा आहे, आमच्या वक्त्यांपेक्षा कितीतरी खोल. दोन्ही बाजूंना आपापला अर्थ काढता येईल अशी शब्दरचना म्हणजे ऐक्य नव्हे, असं तो म्हणतो. बिशपनं हात न ठेवलेल्या पाळकांना पुन्हा दीक्षा न देता तसंच स्वीकारायचं, पुढं 30 वर्षांनी पाहू म्हणायचं, हा त्याला पळपुटेपणा वाटला. मी कितीतरी दिवस हा आक्षेप खोडायचा प्रयत्न केला. अफझलगंजच्या स्टेट सेंट्रल लायब्ररीत बसून टिपणं काढली आणि शेवटी मान्य केलं की त्याचं निम्मं बरोबर आहे. नंद्यालचे अँग्लिकन याच शंकेनं वर्षानुवर्षं बाहेर राहिले. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा चर्चेस मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तेव्हा अमेरिकन परंपरेतले मेथडिस्ट शेवटच्या क्षणी मागे फिरले. हैदराबादेत आजही ब्रिटिश मेथडिस्टांचे वारस चर्च ऑफ साउथ इंडियात आणि अमेरिकनांचे वारस वेगळे. दोघांचा संस्थापक वेस्ली एकच.

पण एलियटला जे लंडनमधून दिसणं शक्य नव्हतं, ते अझरायांना डोर्नकलमध्ये रोज दिसत होतं. डोर्नकल निजामाच्या राज्यातलं, मंडळीतले बहुसंख्य गावकुसाबाहेरचे. अझरायांच्या चरित्रात एक आठवण आहे. धर्मांतराच्या येवल्यातल्या घोषणेनंतर डॉ. आंबेडकरांनी त्यांना दोन प्रश्न विचारले. माझी माणसं ख्रिस्ती झाली तर सगळीकडे एकाच चर्चमध्ये असतील का? आणि जातीच्या खुणेपासून पूर्ण मुक्त होतील का? अझरायांना एकालाही होय म्हणता आलं नाही, आणि आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नाही, असं ते म्हणाले.

हे दोन प्रश्न मला आता एकच वाटतात, आणि इथं माझी भूमिका बदलली. घटनेवर सह्या झाल्या की ऐक्य झालं, असं मी मानत होतो. 1947 नंतरही जात बाकावर आणि कबरीच्या रांगेत बसून राहिली, म्हणजे सह्या पुरेशा नाहीत. म्हणून सह्या नकोत असं मात्र नाही. प्रेम ओसरतं, तेव्हा कागद उभा राहतो. ज्याच्याशी माझं पटत नाही, त्याच्यासाठी दार उघडायला मला बांधून घेणारा नियम मला हवा आहे. ऐक्य याचंच नाव.

वक्त्यांना माझी विनंती छोटी आहे. सिद्धान्तांची चर्चा चालू राहू द्या, प्रभुभोजनाचा प्याला एक व्हायला आणखी पिढ्या लागोत. पण या शहरातल्या सगळ्या मंडळ्यांनी एवढं लिहून द्यावं: बाप्तिस्मा कुठल्याही मंडळीत झालेला असो, कुठल्याही जातीच्या माणसाला आमच्या दफनभूमीत जागा मिळेल आणि दाखला नंतर चालेल. आत्यासाठी कुदळ टेकून बसलेल्या त्या माणसानं दिवसभरात दोनदा मला पाणी विचारलं होतं. त्यानं काम सुरू करायची तयारी केव्हाच दाखवली होती. तो परवानगीची वाट पाहत होता.