एका दिवसाचा पाहुणा

युरोपची सहल आता आपल्या लोकांना नवीन राहिलेली नाही. कुणी मुलांकडे जातात, कुणी यात्रेकरूंच्या गटाबरोबर जातात, आणि रोम तर बहुतेकांच्या यादीत असतेच. गटाचा कार्यक्रम भरगच्च असतो, तरी एखादा दिवस मोकळा मिळतो आणि माणूस नकाशा घेऊन पायीच निघतो. परक्या शहरात पायी भटकण्याचा आनंद काही वेगळाच. तिथे आपल्याला कुणी ओळखत नाही, कुणाचे आपण काही लागत नाही. पाहायचे आणि पुढे जायचे. पण ते खरे आहे का? जे शहर आपण संध्याकाळी सोडून जाणार, तिथल्या माणसांशी आपले खरोखरच काही नाते नसते का?

टर्मिनी स्टेशनपासून संत पीटर महामंदिरापर्यंतचाच रस्ता घ्या. मधली ठिकाणे पाहत गेले तर तो सहा-सात किलोमीटर भरतो. स्टेशनच्या आसपास पुठ्ठे अंथरून झोपलेली माणसे दिसतात. दहा मिनिटांवर सांता मारिया माज्जोरे हे महामंदिर आहे. २६ एप्रिल २०२५ रोजी पोप फ्रान्सिस यांची शवपेटी इथे आणली गेली, तेव्हा पायऱ्यांवर सुमारे ४० गोरगरीब, निर्वासित व कैदी हातात पांढरे गुलाब घेऊन उभे होते. पुढे कोलोसियम, मग त्रेवीचे कारंजे, पँथियन आणि तिबर नदीवरचा देवदूतांचा पूल. वाटेत तहान लागली तर रस्त्याकडेला लोखंडी नळ आहेत. शहरात असे सुमारे २,५०० नळ आहेत आणि त्यांचे पाणी कुणीही फुकट प्यावे. पाणी पिणाऱ्याला तू कुठला, असे कुणी विचारत नाही. म्हणजे ज्या शहराचे आपण काही लागत नाही असे म्हणतो, ते मात्र आपल्याला सकाळपासून काही ना काही देतच असते.

तरीही पुठ्ठ्यावरच्या माणसाजवळून जाताना आपली पावले झपाझप पडतात. त्याला कारणेही आहेत. गाईडने बजावलेले असते की, पाकीट सांभाळा, स्टेशनहून व्हॅटिकनकडे जाणाऱ्या ६४ नंबरच्या बसमध्ये खिसेकापू असतात. हे खोटे नाही. भीक मागणाऱ्यांच्या मागे टोळ्या असतात असेही ऐकलेले असते. भाषा येत नाही. वेळ थोडा असतो. शिवाय हे त्यांच्या सरकारचे काम, आपण पाहुणे. यातले एकेक कारण खरे असू शकते. पण सगळी मिळून जी सवय लागते ती धोक्याची आहे. इमारत पाहण्यासाठी आपण थांबतो आणि माणूस दिसला की नजर वळवतो.

प्रभू येशूने सांगितलेला दयाळू शोमरोनी आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. त्यातली एक गोष्ट मात्र आपल्या लक्षात येत नाही. तो शोमरोनी त्या मुलखात परका होता. प्रवासात होता. त्यालाही पुढे जायचे होते आणि दुसऱ्या दिवशी तो गेलाही. जखमी माणसाला त्याने जन्मभर सांभाळले नाही. जखमा बांधल्या, उतारशाळेत नेले, दोन दीनार दिले आणि परत येताना उरलेले देण्याचा शब्द दिला. वाटसरूला जेवढे करता येते तेवढे त्याने केले. याचा अर्थ असा की, प्रवासात असणे ही सबब होऊ शकत नाही. त्याचबरोबर, साऱ्या शहराचे दुःख एका दिवसाच्या पाहुण्याने डोक्यावर घ्यावे अशीही अपेक्षा नाही.

कोलोसियमजवळच मोंती भागात सांता मारिया आय मोंती नावाचे चर्च आहे. तिथे संत बेनेडिक्ट जोसेफ लाब्रे यांचे अवशेष आहेत. १७४८ साली फ्रान्समध्ये जन्मलेला हा माणूस पायी यात्रा करीत रोमला आला. कोलोसियमच्या पडक्या भिंतींच्या आडोशाला तो झोपत असे आणि मिळालेली भिक्षा इतर गरिबांना वाटून टाकी. १७८३ साली वयाच्या ३५ व्या वर्षी तो वारला आणि १८८१ साली त्याला संतपद मिळाले. त्या काळीही कोलोसियम पाहायला परदेशी प्रवासी येतच होते. फाटक्या कपड्यांतल्या त्या माणसाजवळून जाताना किती जणांनी नाक मुरडले असेल! आपण कुणाला ओलांडून चाललो आहोत, हे ओलांडणाऱ्याला कळत नसते.

त्रेवीच्या कारंज्यात प्रवासी पाठ करून खांद्यावरून नाणे टाकतात. ती नाणी गोळा करून रोमच्या कारितास संस्थेला गरिबांसाठी दिली जातात. अलीकडच्या वर्षांत ही रक्कम वर्षाला दहा लाख युरोंहून अधिक भरते. हे चांगलेच आहे. पण नाणे पाठ फिरवूनही देता येते, आदर मात्र समोरासमोरच द्यावा लागतो. पैसे द्यावेत की नाही हे ज्याने त्याने प्रसंग पाहून ठरवावे. पाकीटही जरूर सांभाळावे. पण न विचारता कुणाच्या गरिबीचा फोटो काढू नये. नजरेला नजर मिळाली तर मान लववून ‘बोंजोर्नो’ म्हणावे. जवळच्या दुकानातून पाव घेऊन द्यायला भाषा लागत नाही.

आणि हा प्रश्न फक्त रोमला जाणाऱ्यांचा नाही. आपल्या स्टेशनवर, आपल्या बाजारात परप्रांतातून पोटासाठी आलेली माणसे रोज उतरतात. आपणही त्यांच्याजवळून घाईने जातो, आणि इथे तर आपण पाहुणे आहोत असेही म्हणता येत नाही. या आठवड्यात त्यांच्यापैकी एकाचे तरी नाव विचारू या.