दुसऱ्यांदा जिना उतरलेला मनुष्य

शास्त्रपाठ : लूक 10 : 25 ते 37



गावात एखाद्या घरास आग लागली म्हणजे काय होते हे तुम्हांस सांगावयास नको. हाक उठते, लोक घागरी व बादल्या घेऊन धावतात, विहिरीपासून घरापर्यंत माणसांची रांग लागते. जो आत शिरून लेकरू बाहेर आणतो त्यास सर्व गाव शाबासकी देते. परंतु स्वतःचे अंग भाजले असता, आत आणखी एक जण आहे हे स्मरून जो पुन्हा त्या धुरात शिरतो, असा मनुष्य विरळा. अशाच एका मनुष्याचे चरित्र आज आम्ही तुमच्यापुढे ठेवीत आहो.

त्याचे नाव हॅरी एरिंग्टन. तो 20 ऑगस्ट 1910 रोजी लंडन शहरात जन्मला. त्याचे आईबाप पोलंड देशातून आलेले यहूदी होते. धंद्याने तो शिंपी. सुई, कात्री व गज हीच त्याची हत्यारे. 1939 साली युद्धाचे ढग जमू लागले तेव्हा तो साहाय्यक अग्निशामक दलात स्वयंसेवक झाला. या दलात दुकानदार, कारकून, कारागीर असे साधे लोक होते, व स्त्रियाही होत्या. लंडनच्या रस्त्यांवर भाड्याने फिरणाऱ्या मोटारींच्या मागे पाण्याचे पंप जोडून हे लोक आग विझविण्यास जात असत.

युद्ध सुरू झाले, पण पहिले कित्येक महिने लंडनवर बाँब पडले नाहीत. तेव्हा लोक या स्वयंसेवकांची थट्टा करू लागले. हे रणांगण चुकविणारे आहेत, फुकटचा पगार खातात, असे बोल त्यांस ऐकावे लागले. तथापि ते नळ्या जोडण्याचा व शिड्या चढण्याचा सराव करीत राहिले. मग 7 सप्टेंबर 1940 रोजी विमानांच्या झुंडी आल्या, आणि पुढे सुमारे दोन महिने त्या शहरावर रात्रीमागून रात्र अग्निवर्षाव होत राहिला. काल हसणारेच आज या लोकांची वाट पाहू लागले.

उपदेशक बंधूंनो, येथे क्षणभर थांबा. पाच शहाण्या कुमारींनी तेल भरून ठेवले ते वर येण्यापूर्वी, कोणी पाहत नसताना. तुम्ही कंदील घेऊन रात्रीच्या उपासनेस जाता व तेथे चारच माणसे येतात. मुलांस शास्त्रवचने पाठ करविता व गाव हसते. ते दिवस व्यर्थ गेले असे मानू नका. संकटाच्या रात्री जे सामर्थ्य लागते ते अशाच दिवसांत साठविले जाते.

आता त्या रात्रीची गोष्ट ऐका. 17 सप्टेंबर 1940, मध्यरात्रीचा सुमार. रॅथबोन स्ट्रीट येथील एका इमारतीच्या तळघरात काही स्वयंसेवक आसऱ्यास होते. त्या इमारतीवर बाँब पडला, आणि तिचे तिन्ही मजले कोसळून तळघरात आले. सुमारे वीस माणसे ठार झाली. त्यांत सहा अग्निशामक होते. एरिंग्टन तळघराच्या एका बाजूकडून दुसरीकडे फेकला गेला. तो घायाळ झाला, त्यास भोवळ आली, तरी तो जिवंत होता. इतक्यात आगीने पेट घेतला. त्याचे दोन सोबती ढिगाऱ्याखाली उताणे अडकून पडले होते. आच इतकी भयंकर होती की त्याने अंगाभोवती घोंगडी घेतली व नुसत्या हातांनी विटामाती उपसू लागला. वरून जळते तुकडे पडत होते. अखेरीस त्याने दोघांस मोकळे केले. मग एकास उचलून, ढिगाऱ्याने अर्धवट बुजलेल्या दगडी जिन्याने तो वर चढला, आणि शेजारच्या इमारतीतून वाट काढून त्यास रस्त्यावर आणले.

बंधूंनो, त्याचे हात भाजले होते. एक जीव त्याने वाचविला होता. तो तेथेच बसला असता तर त्यास कोणी बोल लावला नसता. परंतु तो फिरला, तोच जिना पुन्हा उतरला, व दुसऱ्यासही घेऊन आला. ते दोघेही फार भाजले होते, तरी वाचले.

पवित्र शास्त्रात मागे फिरणे दोन प्रकारचे आहे. लोटाची बायको सोडलेल्या नगराकडे मागे पाहती झाली व मिठाचा खांब झाली. मेंढपाळही मागे फिरला. पण तो हरवलेल्या एका मेंढरासाठी. एकीचे मन मागे राहिलेल्या वस्तूंत होते, दुसऱ्याचे मागे राहिलेल्या जिवात. आम्ही कोणत्या कारणासाठी मागे फिरतो? तारण पावलेला पुष्कळदा दाराबाहेर उभा राहून देवाचे उपकार मानतो, आणि आत कोण राहिले हे विसरतो. आम्ही स्वतःविषयी लाजेने सांगतो की, दारूच्या नादी लागून मंडळीपासून दूर गेलेल्या एका बंधूच्या घरी आम्ही एकदा गेलो. त्याने दार लावून घेतले. आपले कर्तव्य झाले असे मानून आम्ही पुन्हा गेलो नाही. पहिल्या वेळी उत्साह मनुष्यास नेतो. दुसऱ्या वेळी केवळ प्रीतीच नेते.

या शिंप्यास जॉर्ज क्रॉस हे पदक 1941 साली जाहीर झाले. रणांगणावर शत्रूशी लढताना नव्हे, तर अन्यत्र दाखविलेल्या शौर्यासाठी ब्रिटनमध्ये याहून मोठे पदक नाही. परंतु ध्यानात घ्या : हे पदक राजाने 24 सप्टेंबर 1940 रोजी स्थापिले. ज्या रात्री तो जिना उतरला त्या रात्री ते अस्तित्वातच नव्हते. ज्याची इच्छाही धरता येत नव्हती त्या मानासाठी तो परतला नाही.

तो ख्रिस्ती नव्हता, आणि आम्ही त्यास ख्रिस्ती म्हणवून आपली शोभा वाढवू नये. उलट प्रभूने शास्त्र्यास शिकविण्याकरिता एका शोमरोन्यास पुढे केले, याजकास नव्हे, हे आठवून आपण नम्र व्हावे. शेजारी कोण, याचे उत्तर त्या तळघरात कृतीने मिळाले.

कोणी विचारील, एक वाचला आणि सहा का गेले? आमच्या मुंबईतही 14 एप्रिल 1944 रोजी व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन या जहाजावरील आग विझवीत असता मोठे स्फोट झाले व 66 बंबवाले कामी आले. दरवर्षी त्या तारखेस देशभर त्यांचे स्मरण होते. ते कमी शूर होते काय? देवास कमी प्रिय होते काय? असे आम्ही कधीही म्हणणार नाही. भट्टीपुढे उभे असलेल्या त्या तीन तरुणांनी, देवाने सोडविले नाही तरी आम्ही ढळणार नाही, असे राजास सांगितले होते. विश्वासूपणाचे माप वाचण्यात नाही.

एरिंग्टन बरा होऊन पुन्हा कामावर गेला, आणि युद्ध संपल्यावर पुन्हा आपल्या सुईदोऱ्याकडे वळला. 15 डिसेंबर 2004 रोजी, वयाच्या 94 व्या वर्षी, तो मरण पावला. एका रात्रीच्या शौर्यानंतर साठांहून अधिक वर्षे त्याने साधेपणाने घालविली, हेही लहान काम नव्हे.

तर या आठवड्यात ज्या दारातून तुम्ही निराश होऊन परतला, त्या दाराशी पुन्हा जा. आत अजून कोणीतरी आहे. जो आम्हांसाठी मृत्यूच्या खोल स्थानी उतरला, तो तुमच्याबरोबर तो जिना उतरो. आमेन.