कामाला पैसा, माणसाला नाही

एखाद्या क्रिकेटपटूनं रुग्णालयाला देणगी जाहीर केली किंवा एखादा नट दुष्काळी गावात कुदळ घेऊन उतरला, की आपल्याकडे दोन-तीन दिवस एकच वाद चालतो: हे मोठं मन, की प्रसिद्धीचा सोस? दोन्हीकडचे लोक देणाऱ्याच्या मनात डोकावत बसतात. पैसा ज्या संस्थेकडे गेला तिचं वर्षभरानं काय झालं, हे त्यांच्यापैकी कुणी विचारत नाही.

सगळा दिखावाच असतो, हे मत आळशी आहे. ते मांडणाऱ्याला काहीच तपासावं लागत नाही. दान गुप्त असावं, ही अपेक्षा तुम्हाआम्हाला ठीक आहे. पण ज्याच्याकडे देण्यासारखी मुख्य गोष्ट प्रसिद्धीच आहे, त्यानं ती लपवून कशी द्यावी?

खरं उत्तर द्यायला हवं ते तिसऱ्या मताला. ‘हेतू काही का असेना, पैसा येतो ना? मग तक्रार कशाला?’ हे बोलणं व्यवहारी वाटतं. वर्षानुवर्षं संस्था चालवून थकलेली माणसंही ते बोलतात, म्हणून ते सहज बाजूला सारता येत नाही. तरीही ते चूक आहे, असं माझं ठाम मत आहे.

पैसा येतो म्हणजे कुठून येतो? संस्थांना मिळणाऱ्या मोठ्या निधीपैकी बराचसा आज कंपन्यांकडून येतो. 2013 च्या कंपनी कायद्यातल्या कलम 135 नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान दोन टक्के सामाजिक कामावर खर्चायचे असतात. कार्यक्रमाला नट आला म्हणून कंपनीचा नफा वाढत नाही आणि ही टक्केवारीही वाढत नाही. तो पैसा नव्यानं निर्माण होत नाही, वळतो. एका व्यासपीठाकडे वळला की दुसऱ्या कुणाच्या तरी दारात कमी पोहोचतो, आणि ते दार बहुधा नंदुरबारच्या नाहीतर गडचिरोलीच्या आतल्या भागातलं असतं. सामान्य माणसाच्या खिशाबद्दल हे तितकं खरं नाही, हे मान्य. आवडत्या खेळाडूचा शब्द ऐकून एरवी न दिले गेलेले पाचशे रुपये निघतात. पण त्या पाचशे रुपयांचीही पुढची वाट पाहायला हवी.

कारण तो पैसा दिसणाऱ्या गोष्टींसाठीच येतो. इमारत, रुग्णवाहिका, शाळेची दप्तरं. रुग्णवाहिकेच्या किल्ल्या हातात देतानाचं छायाचित्र छापून येतं. तिच्या चालकाचा पगार, डिझेल आणि दुरुस्ती यांसाठी कुणाला बोलावणार? ती वर्षभरात पत्र्याखाली उभी राहिली तर दोष संस्थेवर येतो. प्रसिद्ध माणूस स्वतः पाहण्याचा विषय असतो, म्हणून तो आपल्याबरोबर पाहण्याजोग्या गोष्टींचाच पैसा आणतो. यात त्याचा काही दुष्टपणा नाही. आणि कायद्याचाही कल तोच आहे: परदेशी देणगीतून प्रशासकीय खर्च करण्याची मर्यादा परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या 2020 च्या दुरुस्तीनं 50 टक्क्यांवरून 20 वर आणली. हिशेबनीस आणि कार्यालयाचं भाडं म्हणजे जणू उधळपट्टीच.

यावर तिसऱ्या मताचे लोक म्हणतील, पण मुलं वाचली ना? वाचली. सुनील गावसकर लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांसाठी निधी उभा करतात; तिथे एक शस्त्रक्रिया म्हणजे एक पूर्ण झालेलं काम. डॉक्टर आहेत, रुग्णालय आहे, अडलेलं असतं ते पैशावाचून. पोलिओचंही तसंच. अमिताभ बच्चन यांनी टीव्हीवरून आईवडिलांना दटावलं, त्याचा उपयोग झाला, कारण लस तयार होती आणि ती घेऊन दारोदार जाणाऱ्या बायका तयार होत्या. देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये सापडला. या कामांत ‘पैसा येतो ना’ हे म्हणणं खरं ठरतं. पण व्यसनमुक्ती, कुपोषण, पाण्याचा ताळेबंद, हिंसाचारातून बाहेर पडलेल्या बाईला वर्षभर दिलेली सोबत, ही कामं एका रकमेनं पुरी होत नाहीत. ती माणसाच्या टिकून राहण्यानं होतात.

पाणी फाउंडेशन मला म्हणूनच महत्त्वाचं वाटतं. त्याच्या जलसंधारण स्पर्धेत, 2016 च्या पहिल्या वॉटर कपमध्ये, वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांतली 116 गावं होती. आमिर खानचं नाव होतं म्हणून लोक जमले, पण स्पर्धेआधी गावकऱ्यांना प्रशिक्षण दिलं गेलं, ही त्यातली मोलाची गोष्ट. समतल चर स्पर्धेच्या पंचेचाळीस दिवसांत खणता येतात. उसावर आणि बोअरवेलवर गावानं स्वतःच बंधन घालणं मात्र पंचेचाळीस दिवसांत होत नाही. हिवरे बाजार या गावाला ते जमलं, कारण पोपटराव पवार 1989 पासून तिथेच राहिले.

प्रसिद्धीचा पैसा अशा टिकून राहणाऱ्या माणसांपर्यंत पोहोचल्याचं मला हवं असलेलं उदाहरण महाराष्ट्रातच आहे आणि ते आपण विसरत चाललो आहोत. ऐंशीच्या दशकात डॉ. श्रीराम लागू, निळू फुले आणि त्यांच्या बरोबरीच्या नामवंतांनी अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग गावोगाव केले. बाबा आढाव, नरेंद्र दाभोलकर यांच्यासारखी माणसं त्यांच्याबरोबर होती. त्या पैशातून सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला आणि त्याच्या व्याजातून पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दरमहा मानधन मिळू लागलं. रक्कम मोठी नव्हती. पण ज्याच्या घरात महिन्याचा किराणा भरायचा आहे अशा कार्यकर्त्याला ती हक्कानं मिळत होती. प्रेक्षक लागू आणि निळूभाऊंना पाहायला आले आणि त्यांचा पैसा ज्याला पाहायला कुणीच येत नाही त्याच्याकडे गेला. प्रसिद्धीचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही.

पुलंनीही हेच केलं. अनिल अवचटांचं गर्दवरचं लेखन वाचून ते आणि सुनीताबाई लाख रुपये घेऊन उभे राहिले, पण 1986 पासून ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र चालवलं ते सुनंदा अवचटांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. पुलंचं नाव मोठं होतं, तरी त्यांनी केंद्र आपल्या नावानं काढलं नाही.

तेव्हा देणाऱ्याचं मन तपासणं सोडून द्यावं. पैसा कामाला मिळतो आहे, की काम करणाऱ्याला, एवढंच पाहावं. खेळाडू आणि कलावंतांना माझी विनंती आहे: पुढच्या वेळी एखादी संस्था तुम्हाला व्यासपीठावर बोलावेल तेव्हा होकार देण्याआधी तिच्या कार्यकर्त्यांचे पगार किती आहेत आणि पुढची तीन वर्षं ते कुठून येणार आहेत, हे विचारा. उत्तर नसेल तर तुमचा कार्यक्रम त्या पगारांसाठीच करा, आणि तसं जाहिरातीवर छापा.